शालिनीबाईंच्या पडवीतले पझल

शालिनीबाईंची आणि माझी ओळख झाली ती बोलणी खाऊनच. लग्न होऊन मी मिठबावला नुकतीच आले होते आणि सासूबाईंनी हापूसची करंडी बाईंकडे पोचवायला सांगितली होती. बाई तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवीत. त्यांच्या पडवीत दोन बाकांवर एक जुने दार आडवे टाकलेले, त्यावर अर्धवट जुळवलेले जिगसॉ पझल आणि भोवती सुपांमध्ये रंगांप्रमाणे निवडलेले तुकडे. बाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी एक तुकडा उचलून अंगठ्याने दाबून बसवला. बाहेर येताच त्यांनी तो काढला. "बसलो नाय तो. तू बसयलंस," म्हणाल्या. मला असा राग आला! दुसऱ्याच दिवशी रिकामी करंडी आणायच्या निमित्ताने मी परत गेले.

आमच्याकडे बोटीवरचा मुलगा सुट्टीवर येताना अत्तर आणि चॉकलेटे आणतो. बाईंच्या मुलाने तुकड्यांची खोकी आणली. दुपारची जेवणे आटोपली की बाई आम्हां चार-सहा बायकांना घेऊन बसत. पुढे त्यांना कळले की शहरांत याच्या स्पर्धा भरतात. एका टेबलावर चौघे, सर्वांना सारखेच चित्र, समोर घड्याळ. मग त्यांनी आमचा संघच बांधला. "बायका पोरांच्या खेळण्यांनी खेळतत," असे हसणाऱ्या एका बागायतदारांपुढे बाईंनी नुसत्या आकाशाच्या तुकड्यांचे सूप ठेवले आणि चहा होईपर्यंत जुळवायला सांगितले. चहा झाला, पिऊनही झाला. तेव्हापासून ते गृहस्थ आमची अदबीने चौकशी करतात.

हापूस निवडणाऱ्या डोळ्यांना रंगातला फरक शिकवावा लागत नाही, या भरवशावर बाई आम्हांला पहिल्यांदा पुण्याला घेऊन गेल्या. चित्रात तळ्याकाठी सगळे पांढरे पसरलेले होते. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका. एकमुखाने ठरवले, हा फेस! सगळे पांढरे तुकडे पाण्याच्या कडेला लावून बघत बसलो. तो निघाला बर्फ, आणि बराचसा घरांच्या छपरांवर होता. आमचा नंबर शेवटून पहिला. एसटीत आम्ही एकमेकींवर खापर फोडू लागलो, तेव्हा बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगो, आमी बर्फ कधी बघलेलो? आता बघलो मां!" हरल्यावर माणसाला वाईट वाटू न देण्याची हातोटी मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच.

काही वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. चमचा धरवेना, वेणी घालता येईना. घरची माणसे मायेने सगळे आयते हातात देत आणि त्यानेच मी जास्त खचत होते. यापुढे आपण कोणाच्या काही उपयोगाच्या नाही, हे मी मनाशी धरून बसले आणि खोलीबाहेर येणे सोडले. एका दुपारी बाई आल्या. सोबत लहान मुलांचे मोठमोठ्या तुकड्यांचे पझल. मला अपमान वाटला. डाव्या हाताने मी ते भिरकावले. तुकडे खाटेखाली गेले.

"आता वेच," बाई म्हणाल्या. "उजव्यान."

"जमत नाय माका, बाई."

"आज जमाचा नायच. तरी वेच."

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, पण एकाही तुकड्याला त्यांनी हात लावला नाही. मी कसेबसे दोन तुकडे उचलले आणि पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी बाई परत हजर. पुढे कित्येक महिने त्यांनी हा नेम चुकवला नाही.

त्या वर्षी संघ ठरला तेव्हा "यंदा तू नाय," असे त्यांनी तोंडावर सांगितले. पुढच्या वर्षी घेतले, तेही दया म्हणून नव्हे. चित्राच्या चारी कडा लावायचे काम माझ्यावर टाकले. स्पर्धेच्या दिवशी आमचा हात चांगला चालला होता. शेवटचा तुकडा माझ्या पुढ्यात आला आणि बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. शेजारचे टेबल संपत आले होते. आमच्यातल्या सर्वांत चपळ वैजयंतीवहिनी, त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

"थांब गो. ती लावतली."

तिघी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी तुकडा लावला. तोवर शेजारी टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि आमचे बक्षीस गेले होते. परतीच्या वाटेवर वैजयंतीवहिनींनी एवढेच विचारले, "चाय घेतंस मां?" बाई, त्या दिवशी तुम्ही मला माणसांत परत आणलेत. हे एकदा चारचौघांत सांगायचे होते.

आता मी भाकऱ्या थापते, हंगामात आंबे निवडते. परवा मोठ्या ऐटीत बाईंना विचारले, "झालो मां हात बरो?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अजून कच्चो आसा."

ग्रामदेवतेने बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, त्यांच्या गुडघ्यांना बळ द्यावे. माझा हात त्यांच्या परीक्षेत उतरेपर्यंत त्यांना कुठेही जायची मोकळीक नाही. आणि मला पास व्हायची अजिबात घाई नाही.