पिंपाची रिंग

सौदी अरेबियात धाहरानच्या बाहेर एक शूटिंग क्लब आहे. तिथल्या स्टोअरमध्ये माझी नोकरी. नेमबाजांनी झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून धुणं हा त्या नोकरीचा एक भाग. धुतलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचं काम परवाना असलेला माणूस वेगळ्या खोलीत करतो. त्याच्याशी स्टोअरचा संबंध नाही. भारतात वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य अनेकदा हाताखालून गेलं होतं. त्या धुतात, हे इथे आल्यावर कळलं.

धुण्यासाठी एक आडवं फिरणारं पिंप आहे. त्यात पुंगळ्या, पाणी, भांड्यांचा साबण, थोडं लिंबूसत्त्व आणि टाचणीहून बारीक पोलादी काड्या घालायच्या. झाकणाखाली रबरी रिंग बसवायची, भोवतीचे नट आवळायचे, यंत्र सुरू करायचं. पुंगळ्या लख्ख निघतात. पाणी मात्र काळं होतं आणि त्यात शिसं असतं. ते पिंपातच राहायला हवं. ते राहत नव्हतं.

स्टोअरला लागून नमाजाची खोली आहे. मधे नुसतं पार्टिशन. एका दुपारी नमाजाला उभ्या राहिलेल्या लोकांचे मोजे काळे झाले. गालिच्याची एक कड भिजली होती. सुपरवायझर सौदी, शांत माणूस. भारतीयांशी तो मोडक्या हिंदीत बोलतो. त्याने गालिचा उचलून दाखवला.

‘‘एक बार और, तो मशीन खलास. तुम खफजी.’’

अल खफजीला क्लबची दुसरी, लहान रेंज आहे, पार कुवेतच्या सीमेजवळ. तिथे एकट्या माणसाची खोली मिळते, कुटुंबाची नाही. बायको धाहरानच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, मुलगी इथल्या शाळेत दहावीला. खफजी म्हणजे घर फक्त शुक्रवारी, तेही सुट्टी मिळाली तर.

रिंग काढून घरी आणली. बायकोने ती दिव्याखाली धरून फिरवली.

‘‘अहो, ही सैल पडलीय. कुकरची पडते तशी.’’

‘‘हे कुकर नाही.’’

‘‘रबर ते रबर. फ्रीजरमध्ये ठेवा, आवळून येईल. आणि बसवताना तेलाचं बोट फिरवा.’’

मुलीने मोबाइलवरून मान वर केली. ‘‘बाबा, सो इट्स अ प्रेशर कुकर फॉर बुलेट्स?’’

रिंग फ्रीजरमध्ये पापलेटच्या पिशवीवर ठेवली गेली. सकाळी तिला खोबरेल लावून बसवली. पहिल्या दिवशी एक थेंब पडला नाही. घरी त्या संध्याकाळी शिरा झाला. पुढच्या काही दिवसांत रबराने तेल पिऊन घेतलं, रिंग फुगली, पापडासारखी लाटालाटांची झाली आणि पिंप आधीपेक्षा जास्त गळू लागलं. पार्टिशनखाली जुने टॉवेल कोंबून वेळ निभावली. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘कुकरला कधी असं झालं नाही.’’ कुकरची शिट्टी होते, वाफ निघून जाते. इथे वाफ नाही, काळं पाणी आहे, हे सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

नवी रिंग मागवली. ती कोरडीच बसवली. गळती कमी झाली, थांबली नाही. नट पान्याने आवळले तर एका बाजूने रिंग बाहेर फुगायची. सैल केले तर दुसरीकडून पाझर. दम्मामच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, ‘‘भाई, सब का लीक करता है थोडा.’’ थोडं म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. पार्टिशनच्या त्या बाजूला थोडंही चालणार नव्हतं.

शेवटी झाकणाच्या कडेभोवती टिश्यू पेपर चिकटवला आणि पहिला डाग कुठे उमटतो ते बघत बसलो. डाग दर वेळी एकाच जागी यायचा. झाकण उघडून तिथे नख फिरवलं. रिंग बसते त्या बैठकीत एक पोलादी काडी आडवी रुतून बसली होती, त्या पाण्याने काळी पडलेली, म्हणून दिसत नव्हती. प्रत्येक वेळी रिंग तिच्यावरच दाबली जात होती. काडी चिमट्याने काढली. बैठक फडक्याने पुसली, पिंप गळ्यापर्यंत न भरता थोडं रिकामं ठेवलं, समोरासमोरचे नट हातानेच थोडे थोडे आवळले. टिश्यू पेपर दिवसभर पांढरा राहिला. दुसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात टॉवेल घरी नेऊन धुतले.

सुपरवायझरला बोलावलं. त्याने पिंपाखालून तळवा फिरवला, तो उलटा करून पाहिला. मग पार्टिशनखाली वाकून पाहिलं. मग फोन काढून कुणाशी तरी अरबीत बोलला. बोलण्यात खफजी दोनदा आलं.

‘‘खफजी में सेम मशीन,’’ फोन ठेवून तो म्हणाला. ‘‘सेम पानी. उधर किसी को मालूम नहीं. तुम को मालूम.’’

‘‘आपने बोला था, लीक हुआ तो खफजी.’’

‘‘लीक हुआ तो सज़ा. अभी सज़ा नहीं.’’ त्याने खांद्यावर हात ठेवला. ‘‘अभी काम.’’

‘‘कितने दिन?’’

‘‘पानी बंद करो, फिर देखेंगे. यल्ला, चलो.’’

घरी हे ऐकल्यावर बायको ओट्याकडे वळली. मुलीने विचारलं, ‘‘बट यू फिक्स्ड इट, ना?’’

मग बायकोने वरच्या कपाटातून लहान कुकर काढला, झाकण उघडून रिंग पाहिली आणि तो माझ्या बॅगेशेजारी ठेवला.

‘‘हा न्या,’’ ती म्हणाली. ‘‘याच्या रिंगला तेल चालतं.’’