वळायची वेळ

सिंगापूरच्या एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, दार बंद होण्याआधी ते टीं-टीं वाजायला लागलं की काका जागच्या जागी थांबत. दार अजून सताड उघडं असे, आत जागाही असे, पुढचा माणूस आरामात शिरत असे. पण काका नाही. मी आत शिरून मागे पाहायचो तर हे फलाटावर, पाठीला सॅक लावून, मला हात दाखवताहेत. जुरोंग ईस्टहून चांगी बिझनेस पार्कला आम्ही रोज बरोबर निघायचो आणि आठवड्यातून दोनदा तरी वेगवेगळे पोचायचो. "अहो, नुसता पाय टाकला असता तरी आला असतात," मी म्हणायचो. "वाजलं की संपलं," काका म्हणायचे. "पुढची गाडी चार मिनिटांत येते. आणि ऑफिसला पोचायची तुला एवढी कसली रे घाई?"

हा माणूस हिमकडा कोसळून गेला. हे वाक्य मी मनात शंभरदा म्हणून पाहिलं आहे आणि शंभरदा मला ते कुणा दुसऱ्याबद्दल आहे असंच वाटलं आहे.

काका मूळचे सांगलीचे, वय अठ्ठावन्न, एका बँकेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याच्या कामावर. आवाज हळू, चाल हळू, शर्ट कायम खोचलेला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, रांगेत दहाच्या वर माणसं दिसली की काका वळले. आभाळ भरून आलं की हातात छत्री असूनही वळले. गणपतीतल्या नाटकाची तालीम ठरलेल्या वेळेला संपली नाही, तर तोंडातलं वाक्य तसंच टाकून घरी. आमच्या आसपासच्या पंधरा-वीस मराठी घरांचा एक गट आहे. त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, आणि माणूस दिसला की त्याला नाव ठेवायची मला खोड आहे. काकांना 'यू-टर्न काका' हे नाव मीच ठेवलं. महिन्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी झालं. पोरं तर तोंडावर म्हणायची, "यू-टर्न अंकल, कम ला, खेळायला!" आणि काका खेळायला जायचे.

या भित्र्या माणसाचं दुसरं रूप मला पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्या खिडकीबाहेर. इथल्या फ्लॅटमध्ये कपडे बांबूवर घालून बाहेर वाळत टाकतात. एका रविवारी काकांच्या बांबूवर काकूंच्या साड्यांशेजारी दोन लांबलचक, केसाळ, काळपट पट्ट्या लोंबत होत्या. मी काकांकडे गेलो होतो आणि शेजारची चिनी आंटी आपल्या खिडकीतून वाकून बघत होती. "अंकल, धिस वन व्हॉट फिश आह?" तिने ओरडून विचारलं. काकांनी खिडकीतून नम्रपणे सांगितलं की हे मासे नाहीत, स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या आहेत. त्या लावल्या की बर्फावर चढताना पाय मागे घसरत नाही. आंटीने मान हलवली. मीही हलवली. आम्हा दोघांनाही काही कळलं नव्हतं. विषुववृत्ताला खेटून असलेल्या बेटावर, जिथे फ्रिजमधला बर्फ सोडून दुसरा बर्फ नाही, तिथे हा गृहस्थ बर्फावर चढायची तयारी करतो आहे हे कुणाच्या डोक्यात येणार?

कळलं ते ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरच्या सहलीला. साबुदाण्याची खिचडी वाटून होत होती. काका श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन वाळूत गेले, पाठ करून काहीतरी पुरलं आणि परत आले. मग आमच्या हातात मोबाइलएवढं एक यंत्र देऊन म्हणाले, "शोधा. डब्यात याचं जुळं आहे, ते सिग्नल पाठवतंय." आम्हाला वाटलं खेळ आहे. पोरं वाळूत धावत सुटली. मी म्हटलं, "काका, डबा स्टीलचा तरी घ्यायचा, हा फुटेल." ते म्हणाले, "स्टीलमधून सिग्नल नीट येत नाही." थोड्या वेळाने एक पोरगा कंटाळून आला, "कॅनॉट फाइंड ला, अंकल." काकांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पंधरा मिनिटं होऊन गेली. तो डबा म्हणजे बर्फाखाली गाडलेला मी होतो. बहुतेक गेलो."

खिचडीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. काकू मात्र कागदी बशा गोळा करत राहिल्या, कारण त्यांना हे सगळं ठाऊक होतं.

मग उलगडा झाला. पन्नाशी गाठायच्या आधी ऑफिसबरोबर काका एकदा जपानला गेले होते. स्कीच्या त्या मोठ्या मैदानात सगळे लिफ्टने वर जात होते आणि झाडूनपुसून सारख्या केलेल्या बर्फावरून खाली येत होते. एका टोकाला दोरी बांधलेली होती. चार माणसं ती दोरी ओलांडून, पाठीवर सॅक घेऊन, झाडांमधून चढत निघून गेली. "पाऽर दिसेनाशी झाली," काका सांगत. "मला वाटलं, इकडे सगळं आपल्यासाठी कुणीतरी करून ठेवलंय. पलीकडे काहीच केलेलं नाही." दोरीच्या पलीकडे लिफ्ट नसते, पाटी नसते, वाट नसते. चार-पाच तास आपल्या पायांनी चढायचं आणि कुणाचं पाऊल न उमटलेल्या उतारावरून खाली यायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ते जाणत्या लोकांकडे नुसते शिकत राहिले. त्यानंतर गेली आठ वर्षं चायनीज न्यू इयरची सुट्टी आली की काका दोघातिघांना घेऊन हेच करायला जात होते. आम्हाला वाटायचं सांगलीला जातात.

मी हादरलोच. रोज माझ्या शेजारी उभं राहून डबा सांभाळणारा माणूस! त्यांची ती सॅक कशाला ते तेव्हा कळलं. तिच्यात तांदळाच्या दोन पिशव्या असायच्या, आणि संध्याकाळी ती पाठीला लावून काका ब्लॉकचे जिने चढायचे, रोज, तळापासून गच्चीखालच्या मजल्यापर्यंत. लिफ्टमधले लोक कीव करायचे. त्यांना वाटायचं म्हाताऱ्याला लिफ्टची भीती वाटते.

या खेळातला त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या फ्रिजवर लावलेला असे. निघण्याच्या आदल्या दिवशी काका एका कागदावर वळायची वेळ लिहायचे. उन्हं चढली की बर्फाचा उतार सैल होतो. म्हणून ती वेळ झाली की शिखर दहा पावलांवर असलं तरी माघारी फिरायचं. "वेळ घरी बसूनच ठरवायची," ते म्हणत. "तिथे चढत असताना माणूस स्वतःशीच खोटं बोलायला लागतो." काकूंना गणित करायला लागू नये म्हणून ती वेळ सिंगापूरच्या घड्याळाची असे. काकू त्या सुट्टीत रोज कागदाकडे बघून "वळले" असं म्हणायच्या आणि मग कुकर लावायच्या. त्याआधी त्यांच्याकडे जेवायचं नाव निघत नसे. मी एकदा हसलो होतो त्यावर.

निनाद हा आमच्यातला तिशीतला इंजिनियर, पुण्याचा, पायात भिंगरी असलेला. तो काकांबरोबर जायला लागला. मागच्या वर्षी परत आला तो कुरकुरत. शिखर समोर दिसत होतं, हवा स्वच्छ होती, आणि काकांनी सगळ्यांना वळवलं. दुसरे काही लोक त्यांच्या देखत वर जाऊन मजेत खाली उतरले. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. ही गोष्ट माझ्या हाती लागली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. कोजागरीला मी पुठ्ठ्याची यू-टर्नची पाटी तयार केली, टाळ्यांच्या गजरात काकांना 'यू-टर्न पुरस्कार' दिला आणि चांगली दहा मिनिटं त्यांच्या माघारींवर बोललो. लोक हसून हसून लोळले. काकाही हसले. मग माइक घेऊन म्हणाले, "सिंगापुरात पाटी असल्याशिवाय यू-टर्न घेता येत नाही. डोंगरावर पाटी कोण लावणार? म्हणून मी घरूनच घेऊन जातो. आता मंदारने छान मोठी करून दिली, आभारी आहे." त्यावर माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या आणि मला जरा रागच आला, हे कबूल करतो.

या वर्षी सुट्टीतच निनादचा फोन आला. मी हॉकर सेंटरमध्ये ताट घेऊन जागा शोधत होतो. "काका गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठले काका?" खरंच विचारलं. माझ्या ओळखीच्या सगळ्या काकांमध्ये आपल्या काकांचा नंबर शेवटचा लागत होता. वळणारा माणूस मरत नाही अशी माझी पक्की समजूत झालेली असावी. ताट कुणाच्या तरी टेबलावर ठेवलं आणि तसाच उभा राहिलो. ज्याचं टेबल होतं तो माझ्याकडे बघत होता.

निनाद परत आल्यावर मला एकट्याला भेटला. उतरताना वरचा बर्फ सुटला, काका सर्वांत पुढे होते. सिग्नल लगेच मिळाला, वाळूत शिकवलं होतं तसाच. पण कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. खणायला वेळ लागला. मी विचारलं, "पण वेळ झाली तेव्हा वळला नव्हतात तुम्ही?"

तो म्हणाला, "काका वळले होते. घड्याळ बघितलं, स्की फिरवल्यासुद्धा. मीच म्हटलं, काय यू-टर्न काका, यंदाही? अर्ध्या तासाचं तर राहिलंय. बाकीचे दोघं हसले. काकाही हसले. म्हणाले, बरं बाबांनो, चला, आज तुमचं ऐकतो."

बोलला तो, पण शब्द माझा होता.

पंधरवड्याने काकूंकडे गेलो. टीपॉयवर काकांचं हेल्मेट होतं. त्याच्या कपाळावर यू-टर्नची छोटी पाटी चिकटवलेली होती, माझ्या पुठ्ठ्याच्या पाटीतून कात्रीने नीट कापून काढलेली. काकू म्हणाल्या, "किती आवडायचं त्यांना ते नाव. सगळ्यांना दाखवायचे. वेळ टळून गेल्यावर, शिखरावरून उतरताना झालं म्हणे. मग मंदार, त्या दिवशी वळले का नाहीत रे?" मी म्हटलं, "माहीत नाही, काकू." त्या म्हणाल्या, "साडेअकराला मी 'वळले' म्हणाले. कुकर लावला. आणि तेव्हा ते चढत होते." फ्रिजवर कागद तसाच होता, काकांच्या वळणदार अक्षरात साडेअकरा.

त्यानंतर दोनदा मी त्यांच्या ब्लॉकखाली गेलो. दोनदा लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं आणि मी माघारी फिरलो. काकांच्या माघारीला मी भित्रेपणा म्हणत होतो. खरा भित्रेपणा कसा असतो ते तिथे लिफ्टसमोर कळलं. तिसऱ्या वेळी लिफ्टकडे गेलोच नाही, जिन्याने निघालो. सहाव्या मजल्यावर धाप लागली. चौदाव्यावर पोचून त्यांच्या दाराची बेल वाजवली.

काकूंना सगळं सांगितलं. निनाद काय म्हणाला ते, नाव कुणी ठेवलं ते, कोजागरीला मी काय काय बोललो ते. मागच्या वेळी खोटं बोललो तेही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. आता मला हाकलून देतील, दिलं तर बरं होईल, असं मला वाटत होतं.

"हसले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि म्हणाले, तुमचं ऐकतो?"

"हो, काकू."

त्यांनी हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं आणि त्या पाटीवरून बोट फिरवलं.

"दरवर्षी सॅक भरताना मी दाराशी उभी राहून सांगायचे, नका जाऊ," काकू म्हणाल्या. "एकदा तरी माझं ऐकायचं होतं की रे."