पाठीमागचे पिक्चर

मी शेकड्यांनी पिक्चर बघितलेत असं मी लेकीला सांगितलं, तेव्हा ती हसली. तिच्या रोह्याच्या घरी, जेवताना, जावयासमोर. म्हणाली, "आई, तू बघितलेस कुठं? तू नुसते ऐकलेस."

मला राग यायला वेळ लागत नाही. हातातला घास ताटात ठेवला आणि म्हटलं, "बरं. मग आता बघते. जेवढे ऐकले तेवढे सगळे बघते, आणि एकेकाबद्दल काय वाटलं ते बोलून दाखवते. मग हस." जावई बिचारा सेकंड शिफ्टला निघायचा होता, तो मुकाट्याने हात धुवायला उठला.

लेक बोलली ते खोटं नव्हतं, हे कबूल करते. पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात माझी उमर गेली. मी आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे, भुवई, पापणी, बुबुळ. त्याला उजेड लागतो, म्हणून आम्ही आखणीच्या बायका दाराकडे तोंड करून बसायचो. टीव्ही आतल्या भिंतीला, आमच्या पाठीशी. सीझनला माणसं जागेवर टिकावीत म्हणून शेठने तो लावलेला. आधी भाड्याचा व्हीसीआर यायचा, मग सीडी आल्या, मग केबल. सकाळी एक पिक्चर, दुपारी एक, काम चढलं की संध्याकाळी आणखी एक. एकूण एक पिक्चर आमच्या पाठीमागे चालला. मान वळवली की ब्रश हलतो आणि डोळा बिघडतो. मग शेठ बोलतो.

पुरुषांचं बरं होतं. ते घासकामाला, टीव्हीकडे तोंड करून. पॉलिश पेपर हातात असला की नजरेची गरज पडत नाही, कुठं खरखरीत राहिलंय ते बोटांनाच कळतं. माझे यजमान त्यांच्यातच. मूर्ती मांडीवर, हात चालू आणि डोळे पडद्यावर. आम्हा बायकांना पिक्चर ते सांगायचे.

बोलणं तर आम्हाला ऐकू यायचंच. पण पिक्चरमध्ये खरं काय ते घडतं सगळे गप असतात तेव्हा. नुसतं म्युझिक चालू असतं, आणि आम्ही अधांतरी. तेव्हा ह्यांचा आवाज यायचा. "आता ती ट्रंक उघडते. साडी काढली. साडीखाली फोटो हाय. बघते. परत ठेवला." बातम्या सांगाव्यात तसं, ना चढ ना उतार. आमच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहायचं. मी तर शपथेवर सांगितलं असतं की मी ते बघितलंय.

हाच माणूस घरी आला की मुका. वाढ, बस, नको, यापलीकडे बोलणं नाही. आमचा पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन तापाने गेला, तेव्हासुद्धा नाही. पेणला नेला होता, पण ताप डोक्यात गेला होता. त्याचे दहा दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी हे कारखान्यात जाऊन बसले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. मी काढलं तर उठून बाहेर जायचे. त्यांच्या डोळ्यात टिपूस मी कधी पाहिलं नाही. हा माणूस आपलं पोर विसरला, हे मी तेव्हाच मनात धरलं आणि संसार त्याच्यासकट केला. भांडण झालं की मी तोंडावर म्हणायचे, "तुमचं काळीज पीओपीचं हाय." ते ऐकून घ्यायचे. लेक नंतरची. तिला भाऊ होता एवढंच माहीत, जास्त काही नाही.

हे वारले, आणि पुढच्या सीझनला माझा हात थरथरायला लागला. थरथरत्या हाताला कोण आखणी देतो? मग लेक म्हणाली, चल रोह्याला. जोह्याहून पेण, रामवाडीला गाडी बदलून रोहा, आणि पिशवीत चार लुगडी. तिथं ती ताटावर हसली आणि माझा हा उद्योग सुरू झाला.

पिक्चर शोधायचे म्हणजे एक ताप होता. नावं मला ठाऊक नव्हती. कारखान्यात आमची आमची नावं असायची. विहिरीवाला, आंधळ्या आईचा, दोन भावांचा, डॉक्टरचा. मी गाणं गुणगुणायचे, गोष्ट सांगायचे, आणि लेक मोबाईलमध्ये शोधून काढायची. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी बसायचो. संपला की मी मोबाईल तोंडाशी धरून माझं मत बोलायचे आणि लेक ते आमच्या आखणीच्या बायकांच्या ग्रुपवर पाठवायची. त्या अजून कामावर. त्यांना लिहिलेलं वाचायला मूर्तीवरून नजर काढता येत नाही, म्हणून बोलायचं.

पहिले काही पिक्चर मजेत गेले. आंधळ्या आईचा बघून मी म्हटलं, "बाई आंधळी हाय, पण काजळ कसं एकसारखं घातलंय. कुणी घातलं, शेजारणीने?" दोन भावांच्या पिक्चरला म्हटलं, "शेतकरी म्हणे. नखं बघा त्याची. आमच्याकडच्या लग्नात नवरदेवाची असतात तशी." एका पिक्चरचा हिरो मी इतकी वर्षं उंचापुरा समजत होते, तो निघाला किडकिडीत, मोठ्या कानांचा. त्याच्यासाठी मी उगाच जीव टाकला, असं मी स्पष्ट सांगितलं. बायका खूश. "अजून पाठव गो," म्हणायच्या. मीही जरा चढले होते.

मग आला विहिरीवाला. गावात एकच विहीर, आणि शेवटी लहान पोर त्यात पडतं. हा पिक्चर मला तोंडपाठ. ह्यांनी सांगितलेलं अजून कानात होतं. "दोर सोडला. पोराने धरला. ओढतायत. आलं, आलं वर. आईने पदरात घेतलं." मी लेकीला म्हटलं, आता बघ, पोर वर येतं. आम्ही बघत बसलो. दोर वर आला. दोराला काही नव्हतं. आई काठावर बसून राहिली आणि पिक्चर संपला.

"हा तो पिक्चर नाय," मी म्हटलं.

"आई, गाणी तीच हायत. तूच म्हणून दाखवलीस."

"मग शेवट कापलाय कुणीतरी. दुसरा शोध."

तिने शोधला. दुसरीकडेही दोर रिकामाच आला. त्या दिवशी मी मत दिलं नाही. बायकांना सांगितलं, रेंज नाही.

पुढचा डॉक्टरचा. त्यात एका घरात मूल तापलेलं असतं. हा बघायला बसताना माझं मन धजत नव्हतं, पण मला धीर होता की यात ते वाचतं. ह्यांनी सांगितलं होतं, "डोळे उघडले. उठून बसला. दूध मागतोय." मोबाईलवर डॉक्टरने चष्मा काढला आणि चादर वर ओढली. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, चहा टाक.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. राहिलेले पिक्चर एकामागोमाग एक बघून काढले. मोठी माणसं ह्यांनी बिनधास्त मारली होती. हिरो मेला की मेला, बाप मेला की मेला, पोलीस तर किती मेले. सगळे जिथल्या तिथे, सांगितल्यासारखे. फरक होता फक्त पोरांचा. पुरात वाहून गेलेली मुलगी ह्यांनी कोळ्यांच्या जाळ्यात सापडवली होती. जत्रेत हरवलेलं पोर घरी आणलं होतं. कारखान्यातल्या पिक्चरमध्ये एकही मूल गेलं नव्हतं.

तरी एक गोष्ट पटेना. पडद्यावरची आई हंबरडा फोडते, कुणीतरी तोंडाने बोलतं की पोर गेलं. ते मला तेव्हा कसं ऐकू आलं नाही? मी लेकीला शेवट परत लावायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड करून बसले, कारखान्यात बसायचे तशी. हंबरडा स्वच्छ ऐकू आला. आणि मग आठवलं, कंप्रेसर. रंगाचे फवारे मारायला कोपऱ्यात कंप्रेसर असायचा, तो चालू झाला की कानठळ्या बसायच्या. तो नेमका शेवटालाच चालू व्हायचा. मी फवारेवाल्याला शिव्या द्यायचे, "मेल्या, आता बरा तुला रंग आठवला." तो हसायचा आणि बंद काही करायचा नाही. मग हे कंप्रेसरच्या वर आवाज चढवून आम्हाला शेवट सांगायचे. फवारेवाल्याचं तोंडही टीव्हीकडेच असायचं. म्हणजे दोघांचं ठरलेलं होतं.

आधी मला राग आला. मी काय कुक्कुलं बाळ होते, मला असं फसवायला? मग मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले आणि तिथंच बसले. हे आपलं पोर विसरले नव्हते. मी इतकी वर्षं त्यांना दगड म्हणत होते, आणि त्यांना ते पिक्चरपिक्चरला आठवत होतं. मला फार वाईट वाटलं. लेक दाराशी येऊन उभी राहिली. तिला मी तिच्या भावाबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा नीट सांगितलं, तो कसा दिसायचा, काय खायचा.

पण माझं मत द्यायचं राहिलंच होतं. बायका विचारत होत्या, "काय गो, पिक्चर संपले व्हय?" त्यांनीही ह्यांचेच शेवट ऐकलेले. खरं सांगावं तर मेलेल्या नवऱ्याला त्याच्याच कारखान्यात खोटारडा ठरवायचं. खोटं सांगावं तर मग मी बघितलं काय, धुपाटणं? लेक म्हणाली, "राहू दे ना आई. बाबांचंच राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?" चार दिवस मी मोबाईलला हात लावला नाही. नीट झोपही लागेना. मला भीती वाटत होती ती एवढीच, की त्या हसतील. ह्यांच्यावर कुणी हसलेलं मला चाललं नसतं.

शेवटी मी मोबाईल घेतला आणि बोलले. "विहिरीवाला बघितला. पोर वर येत नाय. दोर रिकामा येतो. डॉक्टरच्या पिक्चरमधलं पण जातं, आणि पुरातली पोरगी पण. आपल्याला ह्यांनी खोटं सांगितलेलं. माझ्यासाठी सांगितलेलं, आमचा मुलगा गेला म्हणून. तुमी मनात काय आणू नका. विहिरीवाला पिक्चर चांगला हाय. म्युझिक जरा लांबवलंय."

लेकीने ते पाठवलं. मी तांदूळ निवडत बसले. मग आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईचा आवाज आला. ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची, ह्यांच्यापेक्षा वयाने मोठी, ह्यांना अरेतुरे करायची.

"आमाला ठावं हाय गो," ती म्हणत होती. "समद्यांना ठावं व्हतं. विहिरीवाला मी माज्या घरी बघितलेला. बाप्यांना तर समोर दिसतच व्हतं. कुनी कुनाला सांगितलं नव्हतं, तो बोलाया लागला की आमी गप बसायचो. आनि तू म्हनतेस खोटं सांगितलं. तो रडायचा गो सांगताना. हात चालू, आनि तोंडावर बसलेल्या घासकामाच्या पावडरीतून पानी चाललंय. आमी ब्रश धुवायला उठलो का दिसायचं. तू नाय कवा उठलीस."

नव्हतेच उठत मी. पिक्चर शेवटाला आला की ब्रश कितीही सुकला तरी जागची हलायचे नाही. ह्यांचं सांगणं ऐकायचं चुकेल म्हणून.