मले वाटा पायजे

मराठीतलं ‘वाटणं’ मोठं कामाचं. मिरची पाट्यावर वाटतात, पेढे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वाटतात, घर भावाभावांत वाटतात. बाईच्या जातीला मात्र नुसतं वाटतं. बरं वाटतं, वाईट वाटतं, आणि तेवढ्यावर तिने समाधान मानायचं.

बाबा गेल्यावर शंकर नगरच्या घराचा विषय निघाला, तेव्हा मी सासरहून, बीरगांवहून मुद्दाम गेले. दादा एरवी माझ्याशी मराठीच बोलतो. त्या दिवशी म्हणाला, “बंटवारा करून टाकू.” मालमत्तेचं आलं की हिंदी मुलखातली आमची मराठी माणसं हिंदीत शिरतात. खालचा मजला दादाचा, वरचा धाकट्या भावाचा, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

वहिनीने आईचा पाटा-वरवंटा माझ्यापुढे आणून ठेवला. “आईची आठवण म्हणून ठेवा, ताई.” म्हणजे वाटायला दगड माझा आणि वाटणीला घर त्यांचं! मला असा राग आला, की चहा तसाच राहिला.

आमच्यात शेवटी बहिणीला विचारायची रीत आहे. तिने “मले काय, तुम्ही म्हणान तसं,” म्हणायचं, डोळे पुसायचे, आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. दादानेही विचारलं, “बाई, तुले काय वाटते?”

“मले वाटत-बिटत नाही, दादा. मले वाटा पायजे.”

धाकटा हसला. त्याला थट्टा वाटली. दादाला मात्र कळलं.

“लोकं काय म्हणतीन? माहेर तुटन तुयं.”

“काहून तुटन? ज्या घरात माया वाटा नाही, ते माहेर कायचं? धर्मशाळा झाली ते.”

मग बरंच वाजलं. मी लोभी झाले, नवऱ्याने शिकवलेली झाले, आईबाबांचं नाव बुडवणारी झाले. नवरा बिचारा मला म्हणत होता, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. वर्षभर भांडले. शेवटी खालच्या मजल्यावरची मागची खोली आणि अंगणाकडचं दार माझं झालं. तिसरा हिस्सा म्हणायला तो कमीच, पण माझा.

त्या दिवाळीत दोघांपैकी एकाचाही फोन आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? भाऊबीजेला सकाळी मी नवी साडी नेसले, शंकर नगरला गेले आणि माझ्या किल्लीने दार उघडून माहेरी शिरले.