थांबायचा थेंब

प्रयोगशाळा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी भारी यायचं. रंगीत धूर, चकचकीत यंत्रं, पांढऱ्या कोटातली गंभीर माणसं. मद्रासच्या उत्तरेला, रेल्वेच्या यार्डाला लागून असलेल्या त्या बसक्या इमारतीत पहिल्या दिवशी मला काय दिसलं? एक म्हातारे गृहस्थ कपाळाला गंध लावून, कान एका बाटलीला लावून, ती बाटली खळखळा हलवत बसले होते. बाटलीत पाणी होतं आणि फेस होता. साबणाचा फेस! मी मनात म्हटलं, बार्शीहून इतक्या लांब आपण धोब्याच्या हाताखाली काम करायला आलो की काय.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. दादाची बँकेतून मद्रासला बदली झाली, तेव्हा वहिनीला सोबत म्हणून मला धाडण्यात आलं. तिथे कुणीतरी सांगितलं की इंजिनांचं पाणी तपासायला सहायक हवा आहे, मी अर्ज केला आणि सहा महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं. वडिलांनी कळवलं, "टिकलीस तर टिकलीस. नाहीतर परत ये, स्थळ बघून ठेवलंय." स्थळाबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण मी ते पाहिलंही नव्हतं. पण परत जायचं नव्हतं, एवढं नक्की. आणि मला ठेवायचं की नाही हे प्रयोगशाळेचे साहेब ठरवणार होते, त्या बाटली हलवणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर.

त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते तंजावरकडचे मराठी. दहा पिढ्या तिकडे गेल्या तरी घरात मराठी राखलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "बसावें, बसावें अम्मा. कोठून आलांत?" त्यांची मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू आवरायचं नाही. पोथीतले शब्द आणि वर तमिळ हेल. त्यांना माझी मराठी फार धावते असं वाटे. वडिलांच्या वयाचा माणूस मला "अम्मा" म्हणतो याचंही मला अवघडल्यासारखं व्हायचं, मग कळलं की इकडे लहान मुलीलाही तसंच म्हणतात.

कामाचं स्वरूप सांगते. तेव्हा गाड्या वाफेवर चालत. पाणी जड असलं की बॉयलरच्या आतून क्षार धरतो, घरच्या बंबाला धरतो तसाच, आणि मग इंजिन कोळसा खातं पण धावत नाही. म्हणून वेगवेगळ्या स्टेशनांवरून पाण्याच्या बाटल्या गार्डाच्या डब्यातून आमच्याकडे येत. आम्ही ते पाणी तपासायचं आणि त्यात सोडा किती टाकायचा ते कळवायचं. दोन तपासण्या रोजच्या. एक साबणाची, पाणी किती जड ते कळायला. दुसरी गुलाबी रंगाची, आधी टाकलेला सोडा पाण्यात किती उरलाय ते कळायला.

साबणाची तपासणी सर कानाने करत. नळीतून थोडं साबणाचं पाणी बाटलीत सोडायचं, बूच लावायचं, हलवायचं. पाणी जड असलं की आवाज टणक येतो. पुन्हा थोडा साबण, पुन्हा हलवायचं. एका क्षणी साबण पुरेसा होतो, फेस धरतो आणि आवाज मऊ पडतो. "ऐकलां का? आतां मऊ झालें," सर म्हणत. मला काहीएक ऐकू येत नसे. बाहेर यार्डात डबे डब्यांवर आदळत असत, शिट्ट्या होत असत, आणि या गृहस्थांना बाटलीतल्या पाण्याचा सूर बदललेला कळत असे. मग ते बाटली आडवी ठेवत आणि फेस तसाच टिकून राही. एकदाही तो बसलेला मी पाहिला नाही. हसणं माझं दुसऱ्या आठवड्यातच बंद झालं.

गुलाबी तपासणी मात्र डोळ्यांची. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं. ते पिपेटने, म्हणजे तोंडाने ओढून. त्यात मी किती स्टेशनांचं पाणी प्यायले असेन ते देवालाच ठाऊक. विल्लुपुरमचं सगळ्यात बेचव. चंबूत एका औषधाचे दोन थेंब टाकले की पाणी सुरेख गुलाबी होतं. मग वर उभ्या लावलेल्या ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब आम्ल सोडायचं. गुलाबी फिकट होत जातो, आणखी फिकट, आणि एका थेंबाला नाहीसा होतो. तिथेच तोटी बंद. किती आम्ल लागलं ते नळीवर वाचायचं. ऐकायला सोपं आहे. पण शेवटचा गुलाबी इतका पुसट असतो की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

सुरुवातीला सर शेजारी उभे राहून "मेल्ल, मेल्ल" म्हणत, हळू, हळू. थांबायचा थेंब आला की म्हणत, "पोदुम." पुरे. खाली पांढरी फरशी ठेवायची, शेजारी साध्या पाण्याचा चंबू ठेवायचा आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघायचं. नळीवर आकडा वाचताना मान वाकवायची नाही, आपण गुडघ्यात वाकायचं. चंबू धुतला की उलटा करून बघायचा. पाणी एकसंध ओघळलं तर स्वच्छ, थेंब अडकले तर पुन्हा धुवा. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. "पाहिल्यावर लिहावें अम्मा. लिहिल्यावर पाहूं नये." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते काम आवडू लागलं. इतकं, की घरी वहिनीच्या हातच्या कॉफीचा रंग कितव्या चमच्याला बदलतो हेही मी बघत बसे.

आणि तरी माझं चुकत होतं. शिकाऊ माणसाने केलेली प्रत्येक बाटली सर पुन्हा करत. साबणाचे आमचे आकडे हळूहळू जुळायला लागले, पण गुलाबीचा माझा आकडा नेहमी त्यांच्यापेक्षा जास्त. थोडासाच, एक-दोन थेंबांचा. पण रोज. "तुमचा हात पुढें जातो," ते म्हणत. माझा स्वभाव घाईचा आणि राग नाकावर, हे तोपर्यंत सगळ्यांनाच कळलं होतं, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं. मी हात सावरला, श्वास रोखला, अर्धा थेंब चंबूच्या काठाला टेकवून घ्यायला शिकले. आकडा तरी जास्तच.

मुदत संपत आली. एके दुपारी सर म्हणाले, "अम्मा, तुम्ही फार चांगलें काम करतां. पण गुलाबीचें जमत नाही. साहेब विचारतील तेव्हां मला खरें सांगावें लागेल." ते अगदी दुःखाने बोलले, आणि त्यामुळेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर माझा चंबू होता. सर त्यात बघून नुकतेच "पोदुम" म्हणाले होते आणि मला तर तो अजून गुलाबी दिसत होता! आणि एकाएकी आठवलं, की गेले काही महिने सर टेबल खिडकीकडे सरकवत होते. दिवा मंद आहे म्हणून दोनदा बदलून घेतला होता. चष्मा तर सारखा पुसत असत.

"सर," मी म्हटलं, "माझा हात पुढे जात नाही. तुम्हाला रंग आधी जाताना दिसतोय."

बोलून गेले आणि जीभ चावली. नाचता येईना अंगण वाकडं, असं ते म्हणणार याची मी वाट पाहिली. त्यांनी चंबू उचलला, उजेडाकडे धरला, खूप वेळ बघितलं. मग "सरी" म्हणाले, म्हणजे बरं, आणि छत्री घेऊन "जाऊन येतो" म्हणत घरी गेले. त्या रात्री मी वहिनीला म्हटलं, ट्रंक काढून ठेव.

सकाळी मी गेले तर टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडून ठेवलेल्या. नवा माणूस आला की सर त्याची परीक्षा घेत. ताकद ठाऊक असलेलं द्रावण पाण्यात कमीजास्त मिसळून ते बाटल्या भरत, आणि काय मिसळलंय ते नवख्याला ओळखावं लागे. माझीही ती परीक्षा झाली होती. मला वाटलं, पुन्हा एकदा माझीच.

"आज बाटल्या तुम्ही भराव्या," सर म्हणाले. "मी बाहेर बसतो. काय घातलें तें मला सांगूं नका. मग दोघेही करूं."

मला आधी कळेचना. ज्या मुलीची नोकरी टांगणीला लागली होती, तिच्याच हातात त्यांनी तराजू दिला होता. आणि माझं खरं ठरलं तर त्यांचं काय होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. डोळे गेलेल्या तपासनिसाला साहेब कशाला ठेवतील? निवृत्तीला अजून काही वर्षं होती आणि घरी दोन मुली शिकत होत्या.

"सर, मी बदमाशी केली तर?" मी विचारलं.

ते हसले. "तशी करणार असाल, तर या कामांत राहून उपयोग काय?"

मी बाटल्या भरल्या. मापं चोख घेतली. दोघांनी आपापल्या परीने तपासल्या. मग काय मिसळलं होतं तो कागद मी पुढे ठेवला. माझे आकडे जिथल्या तिथे होते. सरांचे प्रत्येक बाटलीला थोडे कमी. एकही इकडेतिकडे नाही, सगळे एकाच बाजूला कमी.

खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. सरांनी मात्र आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाहा, हात अजून चांगला आहे. सगळीकडे सारखाच चुकलो." स्वतःच्या चुकीतही त्यांना शिस्त दिसली, त्यातच त्यांना समाधान!

मग ते उठले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. अर्ध्या दाराआडून मला ऐकू येत होतं. मुलीचा हात बरोबर आहे, माझे डोळे बिघडलेत, मोतीबिंदू असावा, इतकं ते एका दमात बोलले. साहेब जरा चिडूनच म्हणाले, मग आतापर्यंत पाठवलेल्या आकड्यांचं काय? सर म्हणाले, सगळ्या स्टेशनांवरून पाणी पुन्हा मागवतो, ती तपासेल. आणि गुलाबी तिच्याकडे, साबण माझ्याकडे. त्याला डोळे लागत नाहीत.

तसंच झालं. बाटल्या पुन्हा आल्या. दोन ठिकाणी सोडा जरा जास्त पडत होता, तो सुधारला. कुणाचं काही बिघडलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नसतं. पण सरांनी प्रत्येक स्टेशनला आपली सही घालून कळवलं की आधीचा आकडा आपल्या चुकीने कमी गेला होता. मी नोकरीत कायम झाले ती त्यांच्या शब्दावर. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. त्यानंतर आयुष्यात खूप हुशार माणसं भेटली, माझ्याहून कितीतरी शिकलेली. पण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला असं भराभर चालत जाणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

काही महिन्यांनी सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं चुटकीसरशी होत नसे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस पडून राहावं लागे. त्या काळात साबणही माझ्याकडे आला. मी बाटली कानाशी धरून हलवायची, यार्डाच्या गोंगाटात काही कळायचं नाही, फेस मोडायचा. मग एकदा मी डोळे मिटले, आणि आवाज मऊ पडलेला स्पष्ट कळला. सांगायला सर नव्हते, याची इतकी चुटपुट लागली की त्या संध्याकाळी मी बस बदलून त्यांच्या घरी गेले आणि पट्टी बांधलेल्या माणसाला ते सांगून आले.

सर परत आले ते जाड भिंगांचा चष्मा घालून. त्यातून त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत. आल्या आल्या म्हणाले, "अम्मा, एक गुलाबी मांडा."

मी चंबू पुढे ठेवला. त्यांनी औषधाचे दोन थेंब टाकले. पाण्यात रंग पसरला आणि सर तोटीला हात न लावता नुसते बघत राहिले.

"इतका गुलाबी असतो?"

"हो, सर."

"नेहमीच?"

"नेहमीच."

"अय्यो," सर म्हणाले, "इतकें सुंदर होतें आणि मी तुम्हांला रागें भरत होतो!" आणि लहान मुलासारखे हसले. मग आम्ल सोडायला लागले. मी शेजारी उभी होते, त्यांनी माझ्याशेजारी उभं राहावं तशी. मेल्ल म्हणायची गरज नव्हती. रंग फिकट झाला, पुसट झाला, आहे-नाही इतपत उरला, आणि मी ज्या थेंबाला थांबले असते नेमक्या त्याच थेंबाला त्यांनी तोटी बंद केली.

मग ती मोठी मोठी भिंगं माझ्याकडे वळवून ते वाट पाहत राहिले. मी सांगावं म्हणून ते थांबलेत हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"पोदुम, सर," मी म्हटलं.

त्यांनी गुडघ्यात वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिला.