मिस्त्रीकाकांची हरकत

घरपट्टी कमी करा म्हणून नगरपालिकेशी भांडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण मला घरपट्टी लावा म्हणून भांडलेला माणूस उभ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि माझं भाग्य असं की तो माझ्याच गल्लीत राहत होता. गावाचं नाव सांगणार नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मधे कुठंतरी ते आहे, आणि तिथले लोक मला अजून ओळखतात. अमरावतीच्या राजापेठेतलं बिऱ्हाड मोडून मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी गल्लीच्या टोकाच्या ओट्यावर एक गृहस्थ मोठ्यांदा, चालीवर काहीतरी वाचत बसलेले दिसले. मला वाटलं, पोथी असेल. जवळ जाऊन पाहतो तर नगरपालिकेचं अंदाजपत्रक. "बसा मास्तर," ते म्हणाले, "दिवाबत्ती झाली, आता नाल्या येऊन राहिल्या."

जिनिंग फॅक्टरीत त्यांनी फिटर म्हणून जन्म घालवला होता, म्हणून सगळ्यांचे ते मिस्त्रीकाका. कुणाला तमाशाचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा. काकांना अंदाजपत्रकाच्या सभेचा होता. वर्षातून एकदा ती भरे, तेव्हा धुतलेलं धोतर, काळा कोट आणि फडक्यात भाकर-ठेचा अशा तयारीनं ते प्रेक्षकांच्या बाकावर सगळ्यांच्या आधी हजर. त्या बाकावर दुसरं कुणी फिरकत नसे. पाणीपट्टीच्या कलमाशी येईपर्यंत निम्मे मेंबर पेंगलेले असत. काका मात्र पुढं वाकून, कानाला हात लावून ऐकत. एका वर्षी पाणीपट्टी वाढली, तेव्हा गावानं शिव्या दिल्या आणि काकांनी टाळी वाजवली. अध्यक्ष इतके दचकले की त्यांनी शिपायाला कोण आहे ते पाहायला पाठवलं. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला, की काका आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसे खांबाखाली उभे राहत. चौकातला नळ गळू लागला, की स्वतःच्या धोतराची चिंधी फाडून बांधत. पण तक्रार मात्र कधी करत नसत. "आपल्याले बोलाचा हक्क नाही जी," म्हणत. "आपली पट्टी कुठं हाये?"

ते खरंच होतं. धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांनी काकांनी गावाबाहेरच्या वस्तीतलं कुडाचं घर सोडून आमच्या गल्लीच्या टोकाला भाजक्या विटांचं घर बांधलं होतं. दोन खोल्या, वर कौलं, आत बुद्धाची तसबीर, आणि जमिनीला शहाबादी फरशी, जी माझ्या घरातसुद्धा नव्हती. पण आकारणीचा कारकून गल्लीच्या मध्यापर्यंत आला, टोकाला कोण राहतं ते त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकून पुढं न जाताच वहीत लिहून मोकळा झाला : 'टोकाला झोपड्या. पट्टी माफ.'

यात आमच्या गल्लीची फार सोय झाली. आकारणीचे लोक येणार अशी कुणकुण लागली, की आमच्याकडे गरिबी आणायची पद्धत होती. बायका फरशीवर शेणाचा सडा घालत, पुरुष फाटका सदरा शोधत, बैठकीत शेळी बांधली जाई. आणि खुर्च्या, घड्याळं, शिलाई मशिनी जात काकांकडे, कारण तिथं कुणी पाहायलाच येत नसे. ज्या घरात पाणी प्यायला दोन-तीन जण अजून कचरत, त्या घरात शिसवी कपाट ठेवायला मात्र कुणी कचरत नसे. काकांना शेजाऱ्याला नाही म्हणणं जमत नसे. हसू नका, माझा रेडिओही तिथंच असे.

त्यामुळं काकांनी हरकत घेतल्याचं कळलं, तेव्हा गल्ली हादरली. हरकतीचा छापील फॉर्म 'आकारणी कमी करण्याबाबत' असा होता; काकांनी त्यातला 'कमी' खोडून 'चालू' लिहिलं. "काहून वहीत जाता, काका?" पलीकडच्या कापूस दलालानं त्यांना समजावलं. "लोक सुटाले पाह्यतात, तुमी अडकाले पाह्यता."

"तुमचं कपाट मी सांभाळतो भाऊ," काका म्हणाले, "पण माह्या घराले झोपडी नाही म्हणू देणार."

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. साहेबांना आधी ही थट्टा वाटली. "पट्टी पाहिजे तरी कशाला तुम्हाला?"

"सायब, माह्या बापाचं घर तुमच्या कोन्त्याच वहीत नव्हतं," काका म्हणाले. "बाप गेला, घर पडलं, कोनाले पत्ता नाही. हे घर वहीत पाह्यजे."

साहेबांनी चष्मा पुसला. "पाहू," एवढंच म्हणाले. सरकारी 'पाहू'चा अर्थ गल्लीला ठाऊक होता, म्हणून आकारणीच्या दिवशी सामान नेहमीसारखंच काकांकडे गेलं. आणि त्या वर्षी इन्स्पेक्टर गल्लीच्या तोंडाकडून न येता सरळ टोकाकडून आला.

आम्ही सगळे फाटक्या सदऱ्यांत दाराशी उभे. आत चार कपाटं, तीन घड्याळं, दोन मशिनी आणि माझा रेडिओ. इन्स्पेक्टरनं सगळीकडे नजर फिरवली. "हे सगळं तुमचं?"

हो म्हणावं तर पट्टी आभाळाला भिडणार. नाही म्हणावं तर आम्ही मेलो. काकांनी सावकाश आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेखाली माझा फाटका सदरा आणखी फाटला.

"सामान पाहुनं हाये," ते म्हणाले. "घर माह्यं हाये. तुमी घर मोजा."

"पाहुणे कुठून आले?"

"ते तुमच्या फारमात इचारलं नाही जी."

इन्स्पेक्टर हसला आणि त्यानं टेप काढली. टेपचं दुसरं टोक काकांनी स्वतः धरलं, आणि तो एक कोपरा विसरत होता तोही दाखवून दिला. संध्याकाळी कपाट न्यायला आलेल्या दलालानं दारातच थांबून पाणी मागितलं, आणि प्यायला.

पट्टी लागली, आणि काकांचं तोंड सुटलं. पुढची सात-आठ वर्षं नाली, दिवा, नळ यांवर त्यांनी इतके अर्ज केले, की नगरपालिकेला ते घर वहीत घेतल्याचा पश्चात्ताप झाला असावा.

गेल्या वर्षी त्या गावी गेलो, तेव्हा काका नव्हते. काकू एकट्याच होत्या. मी ओट्यावर बसलेला असताना पट्टीचं बिल घेऊन एक नवा माणूस आला आणि काकांचं पूर्ण नाव वाचून म्हणाला, "आजी, हे वारले ना? अर्ज द्या, वहीतलं नाव बदलून टाकू."

काकूंनी बिल घेतलं. "राहू दे बापा," त्या म्हणाल्या. "लय खेटे घालून लागलं हाये ते नाव."