दाराची बाजू

नवा फ्रिज दारात आला तेव्हा मिस्त्रींनी गाडीवाल्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी प्रश्न. "आडवा घालून तर नाही ना आणलात?"

"छे हो काका, उभाच आणलाय."

मिस्त्रींनी मान डोलावली, पण विश्वास काडीचा ठेवला नाही. चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेली होती. असं छातीठोक सांगणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. "चार तास बटणाला हात लावायचा नाही," त्यांनी लेकीला बजावलं. "कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू दे."

"तुमचा पेशंट, तुमचं पथ्य," लेक म्हणाली आणि कामावर निघून गेली. फ्रिज तिनेच हट्टाने घेतला होता.

गाडीवाले जाताना जुना घेऊन गेले. एकतीस वर्षं मिस्त्रींनी तो जगवला होता. दोनदा कॉम्प्रेसर बदलला, दाराची रबरं किती बदलली याची तर गणतीच नव्हती. तो जिना उतरताना बघवेना, म्हणून ते आत जाऊन धुतलेलेच हात पुन्हा धूत राहिले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या साड्या वाटून टाकल्या, चष्मा कुठे गेला कळलंच नाही. पण फ्रिज होता तोवर घरात तिचं काहीतरी होतं. आता तेही गेलं, असं त्यांना वाटलं.

कारण त्या फ्रिजचं दार तिचं होतं. ती डावखुरी. लग्नानंतरचा पहिला फ्रिज म्हणून तो आला तेव्हा त्याचं दार उजवीकडे उघडायचं, आणि दर वेळी तिची तारांबळ उडायची. "गावाचे फ्रिज नीट करता," ती म्हणाली होती. "डावरी बायको केलीत ना, आता दारही डावं करा!" मिस्त्रींनी त्याच दिवशी बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला बसवल्या. मग दार घट्ट लागतं का ते बघायला फटीत कागदाची पट्टी धरली आणि तिला ओढायला सांगितली. तिने जीव खाऊन ओढली. "सुटत नाही हो!" ती ओरडली आणि इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

चार तास काढायचे कसे? मिस्त्रींनी फ्रिजवर पाण्याचं ताट ठेवून पातळी पाहिली, पुढचे पाय फिरवून तो किंचित मागे झुकवला. मग हत्यारांच्या पेटीतून पाने काढले. वरच्या बिजागरीचं झाकण, मग स्क्रू, मग फ्रीजरचं दार, मग खालचं. हात आपले चालत राहिले. दोन्ही दारं बसवून झाली, दोन स्क्रू पिळायचे उरले, तेव्हा ते थबकले.

आता या घरात डावखुरं होतं कोण?

"म्हातारा झालास रे बाबा," ते स्वतःशीच पुटपुटले. स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं. डोळे पुसून ते सगळं परत उलटं करायला बसणार, तोच अर्धी सुट्टी टाकून लेक आली. हातात दुधाच्या पिशव्या.

"चुकलो गं," मिस्त्री घाईघाईने म्हणाले. "सवयीने दार फिरवलं. अर्ध्या तासात सरळ करून देतो."

लेकीने पिशव्या उजव्या हातात घेतल्या आणि डाव्या हाताने दार ओढलं. दार अलगद उघडलं. लिहिणं, जेवणं, सगळं उजव्या हाताने करणारी मुलगी.

"ऑफिसच्या फ्रिजपुढे मी रोज चुकते, बाबा," ती म्हणाली. "डावा हात पुढे करते आणि मग सगळे हसतात. आईनेच लावलीय ना ही सवय. राहू द्या असंच."

मिस्त्रींनी उरलेले दोन स्क्रू पिळले. मग वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, फटीत धरली आणि दार लावलं.

"ओढ."

लेकीने ओढली. मग जोर लावून ओढली.

"सुटत नाही हो," ती म्हणाली.